भिंगवाले सर

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्यावर माणूस आधी भाव विचारतो. सर आधी खोकं उघडायला लावायचे. "खोक्यावरचं मला वाचता येतं. आतलं दाखवा," असं म्हणून ते शर्टाच्या खिशातून काळ्या दांड्याचं भिंग काढायचे, कार्ड कडेला धरून दारातल्या उजेडात न्यायचे आणि चिपच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला नंबर मोठ्यानं वाचायचे. मग "चालेल", नाहीतर "नाही चालणार". दुकानदारानं पुढं कितीही गोडीगुलाबी केली तरी त्यात बदल व्हायचा नाही. कॉलेजातली पोरं त्यांना भिंगवाले सर म्हणायची, आणि पुढं पुढं आम्हीही तेच म्हणू लागलो. आता सर नाहीत. पण राहात्यातल्या जुन्या माणसांना ह्या नावानं विचारलंत तर अजून ओळख पटते.

मी तेव्हा स्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोरी टाइपरायटरला कंटाळल्या होत्या, "बाई, कॉम्प्युटर कधी आणताय?" म्हणून रोज डोकं खायच्या. शेवटी आणले. आणल्यावर चार दिवसांत ज्युनिअर कॉलेजचे फिजिक्सचे सर दारात उभे. हातात एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी. म्हणाले, "बाई, तुमच्या एखाद्या मशीनवर हे लिनक्स टाकून बघू का?"

"काय टाकून?" मी ओरडलेच. मला राग लवकर येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "नव्या कोऱ्या मशीनला हात लावाल तर खबरदार!"

सर हसले आणि शांतपणे बाकावर बसले. लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी मला सांगितलं ते असं: मशीन चालवायला जी प्रणाली लागते ती साधारणपणे एखादी कंपनी विकते आणि आत काय आहे ते कुणाला दाखवत नाही. ही प्रणाली मात्र जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिली आहे, फुकट वाटता येते, आणि आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचावं. "आणि चुकलं असेल तर दुरुस्तही करावं," ते म्हणाले. सरांना ती का आवडली असेल हे मला तेव्हाच कळलं. उघडून बघू देणारं काहीही त्यांना आवडायचं. मी नाइलाजानं त्यांना सगळ्यात रडकं मशीन दिलं, आणि त्या दिवसापासून सर संध्याकाळचे माझ्याकडे यायला लागले.

आता लिनक्स टाकलं की चाललं, असले लाड तेव्हा नव्हते. कुठलं कार्ड त्याच्याशी जुळेल आणि कुठलं मख्खासारखं बसून राहील, काही सांगता यायचं नाही. मी एकदा चिडून विचारलं, "तुमच्या ह्या फुकटच्या बयेचे एवढे नखरे का?" सर म्हणाले, "प्रत्येक कार्डाला ओळखायला कुणीतरी प्रोग्रॅम लिहावा लागतो, बाई. कंपन्या तो आपल्यासाठी लिहीत नाहीत. कुठल्या तरी देशातला एखादा विद्यार्थी आपल्या घरात जे कार्ड आहे, त्याच्यासाठी बसून लिहितो. म्हणून आपण आवडीनं निवडायचं नाही. ज्याच्यासाठी कुणीतरी खपलंय, तेच घ्यायचं." कुठल्या चिपसाठी कोण खपलंय ह्याची यादी त्या सीडीवरच होती. ती माझ्या प्रिंटरवर त्यांनी छापून घेतली तेव्हा त्या करकरीनं माझं डोकं उठलं. सर मात्र लांबलचक कागद घड्या घालत असे बसले होते की जणू लग्नाची पत्रिका छापून येते आहे.

फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मशीनच्या पोटात बसणारं मोडेम स्वस्त मिळायचं, सगळे तेच घ्यायचे. सर हात लावायचे नाहीत. "ते निम्मं काम स्वतः करतं आणि निम्मं दुसऱ्याच्या गळ्यात मारतं. बाहेरचं घ्या. महाग आहे, मोठं आहे, पण आपलं काम आपण करतं." मी म्हटलं, "सर, माझ्या नवऱ्याला एकदा हे नीट समजावून सांगा." सर एवढे हसले की भिंग खिशातून पडलं.

सर मूळचे कोल्हारचे. घर बौद्ध, वडील साखर कारखान्यात मजूर होते. राहात्याला नोकरी लागल्यावर ते खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट ते सांगायचे. घरमालकानं पगार विचारला, माणसं किती ते विचारलं, सगळं जमलं, किल्ली हातात यायची बाकी होती. तेवढ्यात त्यानं आडनाव विचारलं. ऐकल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. सर हे हसत सांगायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तुम्ही काही बोलला नाहीत त्याला?"

"काय बोलणार? त्यानं खोक्यावरचं नाव वाचलं. बहुतेक माणसं तेवढंच वाचतात." आणि ते पुन्हा आपल्या कागदात डोकं घालायचे.

मग त्यांनी स्वतःसाठी मशीन जुळवायला घेतलं. एकेक भाग घेऊन. नगरला गेले की एखादी वस्तू आणायची, माझ्याकडे लावून बघायची, चालली तर घरी न्यायची. मला वाटायचं, हौस आहे. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. लिनक्सवाल्यांचा सगळ्यात मोठा त्रास पडद्यावर चित्र आणणाऱ्या कार्डाचा असतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पण स्वतःसाठी घेताना सर म्हणाले, "ते कसलंही चालेल. जुनं असलं तरी चालेल." आणि साउंड कार्डासाठी मात्र जीव टाकत होते. मी म्हटलं, "गाणी ऐकायचीत का सर? रेडिओ घ्या की, कशाला एवढी यातायात?"

सरांनी हातातली यादी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला पडदा फार दिवस दिसणार नाही, बाई."

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. औषधाचे थेंब चालू होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेग कमी होईल, थांबणार नाही. वडिलांचं असंच झालं होतं. वडील कामाला लागल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून वाचायला शिकले होते आणि मग त्यांना पेपरचं वेड लागलं होतं. जाहिरातीसुद्धा सोडायचे नाहीत. दृष्टी गेल्यावर ते पेपर मांडीवर ठेवून दारात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, जरा वाचतोस का रं? "नाही कुणीच म्हणायचं नाही," सर सांगत होते. "'आलोच' म्हणायचे. मीही 'आलोच' म्हणायचो. संध्याकाळपर्यंत घडी न मोडलेला पेपर मांडीवर तसाच असायचा."

म्हणून हे मशीन. लिनक्सवर एक सॉफ्टवेअर चालायचं, ते पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचं. विंडोजवरची तसली सॉफ्टवेअरं त्यांना परवडण्यातली नव्हती. मी बिनधास्त म्हटलं की चोरून कॉपी मिळेल, मी आणून देते. "चोरलेली मला नको," एवढंच बोलले. आता सगळं अडलं होतं साउंड कार्डावर. योग्य चिपचं कार्ड मिळालं तर मशीन बोलणार, नाहीतर मुकं. आणि ते बोलायला लागेपर्यंतची सगळी जुळवाजुळव पडद्यावर बघूनच करावी लागणार होती. डोळे आहेत तोवर उरकलं तर उरकलं. मी विचारलं, "वहिनींना माहीत आहे?"

"डोळे दुखतात, एवढं माहीत आहे."

त्यानंतर मी सरांना नखऱ्यांवरून चिडवणं बंद केलं. उलट माझीच घाई सुरू झाली. ह्याला फोन कर, त्याला निरोप धाड. नगरच्या दुकानदाराला तर मी भंडावून सोडलं. भला माणूस होता. सरांनी त्याला पूर्वी दोन-तीनदा चांगलंच उघडं पाडलं होतं. तो छातीठोकपणे "तोच माल आहे" म्हणायचा आणि सर भिंग लावून दुसराच नंबर वाचून दाखवायचे. पण त्यानं राग धरला नव्हता. उलट नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "राहात्याचे एक सर आहेत, त्यांनी पास केलेला माल आहे हा." दिवाळीच्या तोंडावर त्याचा निरोप आला की पुण्याहून काही कार्डं आली आहेत, त्यात तुमचं असावं.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. मी पलीकडच्या काउंटरवर प्रिंटरच्या रिबिनी बघत होते. सरांनी नेहमीसारखं कार्ड दारात नेलं, भिंग लावलं. दुकानदार म्हणाला, "सर, मी वाचून सांगू का?" "नको, मीच वाचतो." बराच वेळ लागला. मग त्यांनी नंबर मोठ्यानं वाचला, अगदी यादीत होता तोच, आणि म्हणाले, "चालेल." परत येताना गाडीत ते खोकं मांडीवरून खाली ठेवेनात. कोल्हारच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा बाहेर बघत होते. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मशीन बोललं नाही. सरांनी दिवाळीची सुट्टी त्याच्यापुढं बसून घालवली. कार्डाच्या पिनांवरच्या बारीक टोप्या ह्या टोकाच्या त्या टोकाला लावून बघितल्या, मशीनमधली कार्डाची खाच बदलली, सगळी प्रणाली पुसून पुन्हा टाकली. मी त्यांच्या घरी फराळाला गेले तर वहिनी दारातच म्हणाल्या, "बाई, तुमी तरी सांगा त्यान्ला. जेवत न्हाईत धड, बोलत न्हाईत. मशीनला नाक लावून बसत्यात नुसतं." आत सर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, "सॉफ्टवेअरच खराब असणार. नाहीतर माझंच काहीतरी चुकतंय." कार्डावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. का असावं? कार्ड तर त्यांनी स्वतः वाचलेलं.

मी म्हटलं, "काढा बरं ते बाहेर, मला बघू द्या." नुसतं काहीतरी करायचं म्हणून म्हटलं. सरांनी चाचपत स्क्रू काढले आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मी खिडकीपाशी नेलं. भिंगसुद्धा लागलं नाही. नंबर दुसराच होता. शेवटचा आकडा सरळसरळ वेगळा.

"काय झालं? बोला ना, बाई."

मी वाचून दाखवला. त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगायला लावला. मी सांगितला. खोलीत वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "मला तो आठ वाटला." मग म्हणाले, "वाटला म्हणजे... मला आकडे दिसतच नाहीत आता. काळं काळं दिसतं. तिथं काय असायला पाहिजे ते मला पाठ होतं, तेच वाचलं मी." वर्गातही असंच चाललं होतं. फळ्यावर सवयीनं लिहायचे, पोरांच्या वह्या घरी आणून तशाच ठेवायचे.

वहिनींनी चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं; मला आधीच ठाऊक होतं हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत, चिडल्या. "मला सांगायचं हुतं. परक्या मान्साला सांगितलं, मला न्हाई. मी काय आंधळ्याला टाकून जानारी बाई हाय का?" सर मान खाली घालून बसले होते. मी उठून ओसरीत आले. त्या दोघांच्या मध्ये बसायची माझी लायकी नव्हती. आतून बराच वेळ वहिनींचंच बोलणं ऐकू येत होतं.

मला राग काढायला कुणीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन मी दुकानदाराला धरलं. तो म्हणाला, "मॅडम, मला तेव्हाच दिसलं होतं नंबर वेगळा आहे म्हणून. पण सरांनी मोठ्यानं वाचला. सर आजवर चुकले नाहीत, चुकलो ते आम्ही. म्हटलं आपलाच चष्मा बदलायला झाला असेल. सरांना कोण सांगणार?" बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ह्या माणसावर काय चिडायचं? सगळ्या बाजारानं ज्यांच्या डोळ्यांवर भरवसा टाकला होता, त्यांच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं, आणि त्या भरवशापायीच कुणी तोंड उघडलं नव्हतं.

हवं ते कार्ड मिळायला पुढं बरेच आठवडे गेले. ह्या वेळी नगरला वहिनी आल्या. त्या अंगणवाडीत शिकवायच्या, तिथून रजा काढून, इस्त्रीची साडी नेसून. काउंटरवर कार्ड ठेवल्यावर सर मागं सरकले आणि हात मागं बांधून उभे राहिले. वहिनींनी कार्ड उजेडाला धरलं आणि अंगणवाडीतल्या पोरांना शिकवावं तसा एकेक आकडा सावकाश, खणखणीत वाचला. सर ऐकत होते. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकंही थांबून बघत होती. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "चालेल." वहिनी मला हळूच म्हणाल्या, "घाम फुटला वं मला. चुकले असते तर?"

कार्ड बसवलं त्या दुपारी मी तिथंच होते. पडद्यावर काय येतं ते मी सांगायचं, काय टाइप करायचं ते सरांनी सांगायचं. त्यांची दृष्टी तोवर एवढीच उरली होती की खिडकी कुठं आहे ते कळे. एका ठिकाणी माझा तोल गेला, "अहो, काय हे, एक अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून?" सर म्हणाले, "हळूहळू, बाई. ती मुकी आहे, आपल्याला तोंड आहे." आणि मग अचानक त्या डब्यातून एक पुरुषी, नाकातला, परदेशी आवाज आला. पहिल्यांदा तर मी दचकून मागंच सरले. अगं बाई! बोललं की!

सरांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला. बोटं बरोबर जागेवर पडली. टायपिंग माझ्याकडेच शिकले होते, डोळे मिटून. इंग्रजी अक्षरांत त्यांनी वहिनींचं नाव लिहिलं, सुमन. त्या साहेबानं ते असं काही उच्चारलं की वहिनींनी तोंडाला पदर लावला. "मेलं मला हाक मारतंय की शिवी देतंय?" आम्ही तिघंही खूप हसलो. दोन वर्षांत त्या घरात एवढं हसू झालं नसेल. मग हसू ओसरलं आणि सर तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा मशीनकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता.

"बाई, सुमन, राग मानू नका," ते म्हणाले. "तुम्ही दोघी जरा बाहेर बसता का? मला वाचायचंय."

आम्ही ओसरीत येऊन बसलो. सरांनी आतून दार लोटून घेतलं. त्या सीडीवर इंग्रजी पुस्तकं होती, त्यातलंच काहीतरी लावलं असावं. दाराआडून तो नाकातला आवाज यायला लागला. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, मला जेमतेम. चहा निवत होता. मी "आत नेऊन देऊ का?" म्हटलं, तर वहिनींनी मानेनंच नको म्हटलं.

थोड्या वेळानं आवाज थांबला. मला वाटलं, बिघडलं पुन्हा. पण तो थांबला आणि त्यानं आत्ताच वाचलेली ओळ परत वाचली. पुन्हा थांबला. पुन्हा तीच. न कंटाळता, न घाई करता.

"सारखं तेच का वाचतंय?" वहिनींनी विचारलं.

"सरच वाचायला लावताहेत," मी म्हटलं. "आवडली असेल ओळ. नाहीतर नीट कळली नसेल."

वहिनी दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दिवाळीपास्नं रोज मी पेपर वाचून दाखवते त्यान्ला. काम आवरून, जमंल तसा. एकदा बी 'परत वाच' म्हनले न्हाईत मला."

आत तीच ओळ पुन्हा सुरू झाली होती.